वळणाआधीचं वळण

भिंत ११ मीटर लांब होती आणि तिच्यावर पाच पट्टे काढायचे होते: मोहरी, केशरी, विटकरी, डाळिंबी आणि तपकिरी. फाटकापासून निघून जमिनीला समांतर जायचं, दुसऱ्या टोकापाशी अर्धं वर्तुळ घेत वर चढायचं आणि उलट्या दिशेनं पुन्हा फाटकाकडे यायचं, एवढाच त्यांचा प्रवास. कर्जतजवळच्या एका गावातल्या वाचनालयाच्या बालविभागाचं ते अंगण. वाचनालय १९७० च्या दशकात सुरू झालेलं. भिंतीकडे बघून तो काळ आठवावा, अशी तिथल्या मंडळींची इच्छा होती. आणि त्या काळाचं चित्र म्हटलं की आज हेच पट्टे डोळ्यांपुढे येतात: चार-पाच उबदार रंग, खांद्याला खांदा लावून धावणारे, मधेच झोकात वळणारे.

स्क्रीनवर हे काम पाच मिनिटांचं. एक सरळ रेघ, तिला जोडून अर्धं वर्तुळ, पुन्हा सरळ रेघ. प्रत्येक पट्टा १० सेंटिमीटर रुंद. सगळ्यात बाहेरची कड ७५ सेंटिमीटर त्रिज्येची, सगळ्यात आतली २५. मी आकृती छापून पेंटरकाकांच्या हातात दिली. त्यांनी भिंतीवर सूत मारून सरळ रेघा पाडल्या, मध्यावर खिळा ठोकला, त्याला दोरी बांधली, दोरीच्या टोकाला खडू धरला आणि अर्धवर्तुळं फिरवली. मोजून पाहिलं. मिलिमीटरचाही फरक नव्हता.

मग आम्ही अंगणाच्या पलीकडे जाऊन भिंतीकडे पाहिलं, आणि दोघंही गप्प झालो. सरळ रेघ जिथे गोलाला मिळत होती तिथे कोपर काढल्यासारखं दिसत होतं. वळायच्या आधी रेघ किंचित उलट्या बाजूला झुकतेय आणि मग दचकून वळतेय, असं वाटत होतं. माप बरोबर होतं, पण डोळा ते मान्य करत नव्हता.

माझे वडील, अण्णा, चिंचेखाली खुर्ची टाकून बसले होते. ८१ वर्षांचे. मी गावाकडे काम आहे म्हटल्यावर आपणहून बरोबर आले होते. त्यांनी डोळ्यांवर हात धरला, भिंतीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले,

"बाई, इथं झटका बसणार."

"कुणाला, अण्णा?"

"गाडीला."

अण्णा मध्य रेल्वेच्या पी-वेमध्ये होते. पी-वे म्हणजे रुळांचं खातं. आधी गँगमन, मग की-मन, शेवटी गँगचे मुकादम. त्यांची सगळी नोकरी कर्जत ते लोणावळा या भागात, भोर घाटाच्या आगेमागे गेली. १८६३ साली खुला झालेला हा रेल्वेघाट ३७ मीटर चाललं की १ मीटर चढतो, आणि चढताना डोंगराच्या पोटाला धरून सारखा वळत राहतो. सरळ रूळ सांभाळणं हे माणसाचं काम आणि वळण सांभाळणं हे मुकादमाचं, असं अण्णा म्हणायचे.

लहानपणी एखाद्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन गेले की कधी कधी ते काम बघायला मिळे. अण्णा वळणापासून ३०-४० मीटरवर रुळाशी उकिडवे बसत, गाल जवळजवळ रुळाला टेकवत आणि एक डोळा मिटून रुळाच्या कडेवरून नजर सोडत. पलीकडे सात-आठ माणसं पहारी रुळाखाली घालून उभी. अण्णांचा हात डावीकडे हलला की एका आवाजात हाक उठे, पहारी एकदम रेटल्या जात आणि अख्खा रूळ, स्लीपरसकट, खडीतून करकरत अर्धा बोटभर सरके. अण्णांचा तळवा उघडला की थांबायचं. लोखंड असं नुसत्या नजरेच्या हुकमावर सरकतं, याचं मला फार नवल वाटे. पुढे चित्रकलेच्या वर्गात रेघेच्या लयीबद्दल खूप ऐकलं. पण रेघ म्हणजे काय, हे मी रुळाशी गाल टेकवलेल्या त्या माणसाकडे बघून शिकले होते.

नजरेवर सगळं सोडत नसत. साहेब यायचे तेव्हा दोरी निघायची. २० मीटर लांबीची नायलॉनची दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोन टोकांनी धरायची. रूळ वळलेला, दोरी सरळ. मधोमध दोघांत जे अंतर पडतं ते पट्टीनं मोजायचं. त्याला ते 'व्हर्साइन' म्हणत. मग १० मीटर पुढे सरकायचं आणि पुन्हा मोजायचं. ५०० मीटर त्रिज्येच्या वळणावर हे अंतर बरोबर १०० मिलिमीटर येतं. ५०,००० ला त्रिज्येच्या मीटरांनी भागलं की मिलिमीटर मिळतात, हे सूत्र सातवी शिकलेल्या अण्णांना पाठ होतं. वहीत आकड्यांच्या दोन रांगा असत. एक 'आहे', दुसरी 'हवं'.

या दोन रांगांमध्ये वळणाचं सगळं शास्त्र आहे. सरळ रुळावर दोरी आणि रूळ एकच, म्हणून आकडा शून्य. पूर्ण वळणात आकडा ठरलेला, समजा १००. प्रश्न शून्यापासून शंभरापर्यंत जायचं कसं, हा. सरळ रुळाला थेट वर्तुळाचा तुकडा जोडला तर जोडावर दिशा जुळते. रूळ कुठे तुटत नाही, कोनही पडत नाही. पण बाक जुळत नाही. या क्षणी तो शून्य असतो आणि पुढच्या क्षणी पूर्ण. एसटीच्या ड्रायव्हरला असा रस्ता दिला तर त्या एका बिंदूवर गाडी उभी करून स्टिअरिंग फिरवावं लागेल, तेव्हाच ती रेघेवर राहील. रेल्वेला तर तेही शक्य नाही. तिथे गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, आणि ही उंची काही पायरीसारखी एकदम देता येत नाही. म्हणून सरळ आणि गोल यांच्या मधे एक तिसरा तुकडा घालतात. आपल्याकडे त्यासाठी 'क्युबिक पॅराबोला' ही रेषा वापरतात. त्या तुकड्यात बाक थोडा थोडा वाढत जातो आणि उंचीही त्याच्या बरोबरीनं चढते. प्रवाशाला कळतच नाही की गाडी कधी वळायला लागली. खिडकीतून स्वतःच्याच गाडीचं इंजिन दिसलं की मग कळतं, अरे, आपण वळलो.

माझ्या भिंतीवर हा तिसरा तुकडा नव्हता.

त्या दिवशी आम्ही पेंटरकाकांची सुताची दोरी घेतली आणि ६० सेंटिमीटरवर दोन गाठी मारल्या. एक टोक अण्णांच्या हातात, एक माझ्या. बाहेरच्या कडेवर दर ३० सेंटिमीटरवर मोजत गेलो. मिलिमीटरमध्ये आकडे साधारण असे आले: शून्य, शून्य, तीस, साठ, साठ. जोडावर दोरी अर्धी सरळ रेघेवर आणि अर्धी गोलावर, म्हणून तिथे निम्मा आकडा. अण्णांनी माझ्या वहीत 'आहे' असं लिहून खाली ती रांग मांडली. बाजूला 'हवं' लिहिलं आणि थोडा विचार करून दुसरी रांग मांडली: तीन, पंधरा, तीस, पंचेचाळीस, सत्तावन्न, साठ.

मी तीस वर्षं ग्राफिक डिझाइन करतेय. वक्ररेषेवर काटे उभे करून बाक कुठे किती आहे ते दाखवणारी साधनं मोटारींचे आकार काढणारे लोक वापरतात, हे मला ठाऊक आहे. काटे पायरीसारखे चढले तर पत्र्यावरच्या चकाकीत खोट दिसते, उतारासारखे चढले तर प्रकाश अंगावरून घरंगळतो. अण्णांची वही म्हणजे तोच आलेख होता. फरक इतकाच की तो दोरीनं काढलेला होता.

आपण ज्यांना आज रेट्रो म्हणतो त्या रेषांचं मूळ वेगात आहे. १९३० च्या दशकात आगगाड्या, जहाजं आणि विमानं हीच आधुनिकतेची चिन्हं झाली. त्यांच्या अंगावरच्या धावत्या रेषा मग इमारतींवर उतरल्या, रेडिओच्या पेट्यांवर उतरल्या. कॉलेजच्या दिवसांत कर्जत लोकलनं मुंबई गाठून मी संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर चालायची, ती तिथल्या गॅलऱ्या बघत. गजानन बाबुराव म्हात्रे यांनी १९३७ मध्ये कोपऱ्यावर उभी केलेली 'सूना महल' बघा. समोरच्या बाजूनं आडव्या निघालेल्या रेषा कोपऱ्यावर अडत नाहीत. त्या वळून दुसऱ्या रस्त्यावर जातात, जणू इमारत वाऱ्यात उभी आहे. ओव्हल मैदानाभोवतीच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या अशा इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली, तेव्हा मला वाटलं, आमच्या वळणांचाच सत्कार झाला.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी लान्स वायमन यांनी पाच वर्तुळांमधूनच '६८' हा आकडा उगवून आणला आणि त्या आकड्यांच्या भोवती रेषांचे थरावर थर पसरू दिले, पाण्यात दगड पडल्यावर तरंग पसरावेत तसे. १९७५ मध्ये रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांच्या संस्थेनं 'नासा'ची अक्षरं एकाच जाडीच्या, नळीसारख्या वळलेल्या रेषेत लिहिली. त्यातल्या 'ए' या अक्षराला आडवी दांडीसुद्धा ठेवली नाही, कारण तिथे रेषेला थांबावं लागलं असतं. १९९२ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं, पण माणसांच्या मनातून ते गेलं नाही, आणि २०२० मध्ये ते पुन्हा रॉकेटवर झळकलं. आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये एकाच घरी टीव्ही होता. आम्ही मुलं फरशीवर दाटीवाटीनं बसून दूरदर्शनच्या चिन्हाची वाट बघायचो. देवाशिष भट्टाचार्य यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विद्यार्थी असताना काढलेलं ते चिन्ह: दोन वळणं एका गोलाभोवती फिरत फिरत येऊन डोळा होऊन स्थिरावायची. कार्यक्रम नंतर सुरू व्हायचा. माझ्यासाठी कार्यक्रम तोच होता.

या सगळ्या रेषा चालत्या वस्तूंच्या वंशातल्या आहेत. म्हणून त्यांनी चालत्या वस्तूंसारखंच वळलं पाहिजे. गाडीला वजन असतं, हाताला वजन असतं, नदीलाही असतं. ज्याला वजन आहे ते एका बिंदूवर वळू शकत नाही, त्याला वळायला लांबी लागते. कंपासला वजन नाही. तो क्षणात गोल होतो, आणि म्हणूनच त्यानं काढलेल्या जोडावर डोळा अडखळतो. डोळासुद्धा रेघेवरून प्रवासच करत असतो, त्यालाही झटका बसतो.

संगणकाच्या वक्ररेषेचा जन्मही मोटारींच्या कारखान्यात झाला. फ्रान्समध्ये सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तल्जो यांनी १९५९ मध्ये ती मांडली, पण कारखान्यानं ती गुपित म्हणून ठेवली. १९६० च्या दशकात रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तिथवर मजल मारली आणि ते प्रसिद्धही केलं, म्हणून आज तिला नाव बेझिए यांचं आहे. चार बिंदू असतात. दोन टोकांचे, आणि दोन अदृश्य हातांचे, ज्यांना आम्ही 'हँडल' म्हणतो. रेषा टोकांमधून जाते, हँडलांच्या मात्र जवळ जाऊनही त्यांना शिवत नाही. हँडल तिला फक्त ओढ लावतात. १९८७ मध्ये 'इलस्ट्रेटर' आलं आणि ही रेषा मोटारींच्या आराखड्यांतून आमच्यासारख्या पोस्टर काढणाऱ्यांच्या हाती आली. गंमत म्हणजे या रेषेला खरं वर्तुळ जमत नाही. चार तुकडे जोडून, हँडलांची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवून ती वर्तुळाच्या इतक्या जवळ जाते की डोळ्याला फरक दिसत नाही. पण बाक हळूहळू वाढवायचा असेल तर तिच्यासारखी गुणी दुसरी नाही.

शिकणाऱ्या मुलांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: बिंदू कमी करा. वळण बिघडलं की त्यांचा हात आणखी एक बिंदू टाकायला धावतो. मग तो सावरायला आणखी एक. शेवटी रेषा काटेरी तारेसारखी होते. हे मी सांगते खरं, पण त्याचा पुरावा मला भिंतीपाशी मिळाला.

अण्णांच्या 'हवं'च्या रांगेप्रमाणे आम्ही कडेचे बिंदू सरकवायला घेतले. एक बिंदू आत घेतला की त्याचा आकडा बदलतो, पण त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांचे आकडेही निम्म्यानं उलटे बदलतात. "एकाला हलवलं की दोघांना विचारावं लागतं," अण्णा म्हणाले. सगळे बिंदू खडूनं मांडून झाल्यावर पेंटरकाकांनी प्रत्येकावर खिळा ठोकला. इलेक्ट्रिशियन वापरतात ती प्लॅस्टिकची केसिंग पट्टी आम्ही त्या खिळ्यांना धरून वाकवली. जहाजं बांधणारे लोक पूर्वी लाकडाची पातळ कांब अशीच शिशाच्या वजनांनी जागोजाग दाबून धरत आणि तिच्या कडेनं जहाजाच्या पोटाची रेषा काढत. आमची पट्टी मात्र खिळ्याखिळ्याला डगमगत होती. खडूची एखाद-दोन मिलिमीटरची चूक ती लपवत नव्हती.

"एक सोडून एक खिळा काढा," अण्णा म्हणाले.

पेंटरकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पहिला खिळा निघाला, पट्टी सैल झाली, जरा थरथरली आणि आपली जागा शोधून थांबली. दुसरा निघाला. तिसरा. प्रत्येक खिळ्यागणिक वळण सुधारत गेलं. लवचिक पट्टीला कुठेही जास्त वाकायचं नसतं. ती सगळा बाक आपल्या अंगभर वाटून घेते. आपण फक्त तिला कुठून यायचंय आणि कुठे जायचंय एवढं सांगायचं, आणि मधे हात काढून घ्यायचा. शेवटी दोन्ही टोकांचे आणि मधले मिळून थोडेच खिळे राहिले. दोरी लावून पुन्हा मोजलं. आकडे एकामागून एक पायरी न घेता चढत होते.

मग उरलेल्या कडा. इथे नवखी माणसं हमखास चुकतात, मीही कॉलेजात चुकले होते. एक वळणदार रेघ काढायची, तिची नक्कल करायची आणि खाली सरकवायची. आडव्या भागात अंतर बरोबर राहतं, पण रेघ जिथे उतरते-चढते तिथे पट्टा आवळतो. समांतर असणं म्हणजे एकसारखं असणं नव्हे. आतली रेघ बाहेरच्या रेघेची नक्कल नसते, तिला तिच्या जागेपुरतं जास्त जोरात वळावं लागतं. अण्णांनी पेंटरकाकांकडून बरोबर १० सेंटिमीटरचा लाकडाचा ठोकळा कापून घेतला आणि त्याला 'गेज' म्हणायला लागले. ब्रॉडगेजच्या रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर, आणि ते मोजायचं गेज रुळाशी काटकोनातच धरावं लागतं. तिरकं धरलं की खोटं बोलतं. तसाच तो ठोकळा कडेशी काटकोनात धरून आम्ही तसूतसूनं पुढे सरकत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी आतल्या कडेची खूण केली.

तेव्हा अण्णांनी मला विचारलं, "बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किती लांब असतो, सांग."

मी म्हटलं, ते वळण केवढं आहे त्यावर.

"नाही. मोठं वळण असो नाहीतर लहान. गाडी उलट्या तोंडाला फिरली की बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा साडेपाच मीटर लांब. घाटात तेवढाच, सपाटीवर तेवढाच."

मी कागदावर मांडून पाहिलं. दोन रुळांच्या मध्यांमधलं अंतर पावणेदोन मीटर, त्याला अर्ध्या वर्तुळाच्या ३.१४ नं गुणलं की साडेपाच. त्रिज्या सूत्रातून गळूनच जाते. आमच्या भिंतीवरही तोच नियम: पाच पट्ट्यांची रुंदी ५० सेंटिमीटर, म्हणून सगळ्यात बाहेरची कड सगळ्यात आतल्या कडेपेक्षा १५७ सेंटिमीटर जास्त चालते, वळण कसंही घ्या. बरोबरीनं चालायचं तर बाहेरच्यानं जास्त चालायचं असतं, आणि किती जास्त ते दोघांमधल्या अंतरावर ठरतं. गाडीची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, तरी ती हे साधतात, कारण चाकाची कड थोडी शंकूसारखी उतरती असते. वळणावर बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर चढून मोठं होतं.

मराठीत या सगळ्याला एकच शब्द आहे: वळण. रस्त्याचं वळण, अक्षराचं वळण, आणि मुलांना लावतात ते वळण. मोडी लिहिणारे कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग बोरू कमीत कमी उचलत त्या रेघेखाली अक्षरं लिहीत जात. हात थांबत नसल्यामुळे मोडीतले कोन झिजून गोल झाले. पुढचं अक्षर कुठलं हे हाताला आधीच ठाऊक असतं, म्हणून चालू अक्षराचं शेपूट आपोआप त्याच्या दिशेला वळू लागतं. ते वळण दोन अक्षरांच्या मधे सुरू होत नाही. पहिल्या अक्षराच्या पोटातच त्याची तयारी झालेली असते.

आपण बोलताना म्हणतो, 'आयुष्याच्या एका वळणावर'. जणू वळण हा एखादा बिंदू आहे, त्यावर पाटी आहे. मीही माझी गोष्ट अशीच सांगत आले. गँगच्या क्वार्टर्समधली मुलगी दहावी-बारावी करून मुंबईला कमर्शियल आर्टला गेली, आणि ज्या दिवशी प्रवेश मिळाला तो माझ्या आयुष्याचा वळणबिंदू. त्या संध्याकाळी भिंतीसमोर अण्णांच्या हस्ताक्षरातले ते आकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की हे खोटं आहे. मी मनातल्या मनात मागे जाऊन दर काही अंतरावर दोरी लावली. आठवीत असताना अण्णांनी साहेबांच्या ऑफिसातले रद्द झालेले नकाशे गुंडाळी करून घरी आणले होते. एका बाजूला रुळांच्या बारीक निळ्या रेषा, दुसरी बाजू कोरी, माझ्यासाठी. नववीत कडक शिशाची पेन्सिल आली. दहावीच्या सुट्टीत त्यांनी मला एकदा मुंबईला नेलं, काही न सांगता कॉलेजच्या फाटकासमोरून चालवलं आणि परत आणलं. अकरावीत आत्या म्हणाली, पोरीला इतकं लांब कशाला, तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी तिच्याच मुलाला गाड्यांच्या वेळा विचारल्या. आई घाबरत होती. तिच्यासमोर त्यांनी हा विषय कधीच एकदम काढला नाही. प्रवेशाचा दिवस उजाडला तेव्हा घरात कुणीच दचकलं नाही. आईनं डबा भरून दिला, अण्णांनी पास हातात ठेवला, आणि मी निघाले. मला वाटलं होतं, मी वळले. खरं तर तीन-चार वर्षं कुणीतरी माझ्याखालचा रूळ बोटाबोटानं सरकवत होतं, आणि बाहेरची बाजू हळूहळू उचलून धरत होतं.

आणि खिळे किती थोडे मारले होते! काय कर, काय करू नकोस, असं अण्णांनी मला सांगितल्याचं आठवतच नाही. कुठून आलोय आणि कुठे जायचंय, एवढ्या दोन जागा त्यांनी पक्क्या धरल्या. मधला बाक माझा मला वाटून घेऊ दिला.

मी हे त्यांना त्या दिवशी बोलून दाखवलं नाही. आमच्यात तसं बोलायची रीत नाही. मी फक्त म्हटलं, "अण्णा, छान झालं वळण." ते म्हणाले, "दोरीनं मोजलंय." पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

रंगकाम चार दिवस चाललं. शेवटच्या दिवशी मास्किंग टेप ओढून काढली तेव्हा सगळ्या कडा स्वच्छ निघाल्या. आम्ही पुन्हा अंगणाच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. पट्टे फाटकापासून येत होते, आणि नेमके कुठे वळायला लागतात ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. सरळ कुठे संपतं ते दिसत नव्हतं. दिसत होती फक्त एक सलग धाव, जी कुठेतरी वाकायला लागलेली असायची आणि बघता बघता वर जाऊन परत फिरायची.

तेवढ्यात वाचनालयात आलेला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा फाटकातून आत आला. रंग वाळला होता. त्यानं सगळ्यात आतल्या, तपकिरी पट्ट्यावर तळवा टेकवला आणि पळत सुटला. तोंडानं गाडीचा आवाज काढत तो भिंतीच्या टोकापर्यंत गेला. तळवा पट्ट्याबरोबर वर चढला, टाचा उचलल्या गेल्या, अंग आपोआप फिरलं, आणि वेग जराही कमी न करता तो फाटकाकडे परत धावत आला.

अण्णा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. गाडी येताना गँगची माणसं रुळावरून बाजूला होतात, हत्यारं खाली ठेवतात आणि तिच्याकडे तोंड करून सरळ उभी राहतात. शेवटचा डबा जाईपर्यंत सगळं नीट चाललंय ना हे बघत असतात. ते अगदी तसेच उभे होते. मुलगा समोरून निघून गेला, तेव्हा त्यांनी एकदा मान हलवली आणि हातातली दोरी कोपर आणि अंगठ्यामधून गुंडाळायला लागले. दुसरं टोक अजून माझ्याच हातात होतं. त्यांची गुंडाळी माझ्यापर्यंत येईपर्यंत मी ते ताणून धरून राहिले.